शिमोगा ते मुलुंड, आईसकट

शनिवार, ४ जानेवारी १९८६

सांगून टाकलं. मुद्दाम जेवताना सांगितलं, पानं वाढून झाल्यावर, म्हणजे कुणाला उठून जाता येऊ नये. मी गाडी घेतली आहे. विलायती, स्पोर्ट्स, दोन सीटांची, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. शिमोग्याच्या एका वकिलांच्या शेडमध्ये उभी आहे. पुढच्या आठवड्यात जाते आणि चालवत घरी आणते.

दादाचा घास हातातच राहिला. "कुंदे, तुला वेड लागलंय का?" मग वहिनीकडे बघून, "हिला वेड लागलंय." वहिनी आमटीत बघत बसली. दादाचं पुढचं सगळं पाठ असल्यासारखं होतं. सोसायटीत काय सांगायचं, लोक काय म्हणतील, अडतीस वर्षांच्या बाईला बिनछपराची गाडी कशाला, फंडातले पैसे काढताना मला विचारलंस का. नाही विचारलं. फंड माझा, राब राब राबले मी.

मुलुंडच्या बायकांना गाडी शिकवण्यात माझी उमर गेली. स्कूलच्या फियाटला दोन ब्रेक, दोन क्लच. मी कायम डावीकडे बसलेली, दुसऱ्याच्या गाडीत, दुसऱ्याच्या बायकोवर "क्लच दाबा, अहो क्लच!" म्हणून खेकसत. मला अशी गाडी हवी होती जिला ब्रेक एकच आहे आणि तो माझ्या पायाखाली आहे. हे बोलून दाखवलं तर दादा म्हणाला, "ब्रेक असला तर ना."

आई नेहमीप्रमाणे गप्प. गिरगावातली जागा सोडून दादाच्या या फ्लॅटमध्ये आलो तेव्हापासून तिने तोंडाला कुलूप लावलंय. त्याचं घर, त्याचा शब्द. खरं सांगायचं तर मला दादापेक्षा तिचाच जास्त राग येतो.

सोमवार, ६ जानेवारी

दादा एकदम बदलला. काल संध्याकाळी एका माणसाला घेऊन आला. सहदेवशेठ. मढला शूटिंगसाठी बंगले भाड्याने जातात, तिथे लागतील तशा जुन्या गाड्या हा माणूस पुरवतो. त्याने माझ्या गाडीची बारकाईने चौकशी केली. रंग कोणता, हुड मागे पडतं का, चाकं तारांची आहेत का. मी सगळं सांगितलं. मरून, पडतं, आहेत. निदान एका माणसाला तरी कदर आहे म्हणून बरं वाटलं.

"शुक्रवारी सतरा तारखेला गाडी इथे असणार ना?" त्याने विचारलं. मला नाही, दादाला. दादा म्हणाला, "गॅरंटी." मग रात्री मला म्हणतो, "सावकाश ये, पण शुक्रवारच्या आत ये हां." आणि चक्क हसला. आता याला शुक्रवारचं काय पडलंय? उंटावरून शेळ्या हाकायची सवयच आहे त्याला.

दादा शेठला सोडायला खाली गेला तेव्हा दोघं गेटपाशी बराच वेळ बोलत होते. आई गॅलरीत तुळशीला पाणी घालत होती, त्यांचं बोलणं संपेपर्यंत घालत होती. ती तुळस कुजणार आहे एक दिवस.

मंगळवार, ७ जानेवारी

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं!

आमच्या स्कूलचा मेकॅनिक नंदू माझ्याबरोबर येणार होता. सगळं ठरलं होतं. जाताना दोघं रेल्वेने-एसटीने, येताना माझ्या गाडीतून. आज सकाळी आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "कुंदे, तुझ्याबरोबर मी येते."

मी म्हटलं, "कुठे?"

"शिमोग्याला."

"आई, दोनच सीटा आहेत."

"मग दोघीच तर आहोत."

मी आकांडतांडव केलं. नंदू नसेल तर वाटेत गाडीचं कोण बघणार? तुझे गुडघे, तुझं बाहेरचं न खाणं, तुझे उपास! ती पोळी उलटत राहिली. दादा तर खूशच झाला. "जाऊ दे आईला. लक्ष राहील तुझ्यावर." म्हणजे पहारेकरी! स्वतःला येता येत नाही म्हणून आईला धाडतोय. ती नाही म्हणणारच नाही, त्याच्या अर्ध्या वचनात असते ती.

नंदू बिचारा म्हणाला, "ताई, पाण्याचा डबा भरलेला ठेवा, आणि पन्नासच्या वर नेऊ नका. म्हातारी आहे ती." गाडीबद्दल म्हणत होता.

शुक्रवार, १० जानेवारी

गाडी माझी झाली.

वकिलांनी शेडचं दार उघडलं आणि मी सरळ तिच्या बोनेटवर हात ठेवला. रंग उडालाय, हुडाला ठिगळं आहेत, डाव्या दाराला दोरी बांधावी लागते. पण ती लांबलचक बोनेट, तो बुटका गिअर! आई म्हणाली, "ही बसायची आहे की निजायची?" वकिलांच्या बायकोने दोघींना फुलं दिली. मी नारळ फोडला. चाकांखाली लिंबं ठेवली.

पहिले दहा मैल आई दोन्ही हातांनी दार धरून रामरक्षा म्हणत होती आणि पायाने नसलेला ब्रेक दाबत होती. अख्खं आयुष्य मी ज्या जागेवर बसून जे केलं ते आता आई करत होती. मी ओरडले, "आई, तिथे ब्रेक नाहीये!" ती म्हणाली, "म्हणूनच दाबतेय."

रस्ता खराब, ट्रकवाले त्याहून. एकाने खिडकीतून डोकं काढून कानडीत काहीतरी विचारलं आणि हसला. आई तेवढ्याच मोठ्याने मराठीत म्हणाली, "पुढे बघ, मेल्या." आईच्या तोंडून मेल्या हा शब्द मी गिरगाव सोडल्यापासून ऐकला नव्हता.

हावेरीला मुक्काम. थोडं पाणी गळतंय, दर तासाला डबा ओतावा लागतो. बाकी इंजिन झकास.

शनिवार, ११ जानेवारी, हुबळी

माझं डोकं फिरलंय.

जेवणाच्या वेळेला हुबळीत पोचलो. पुढे बेळगाव गाठायला दिवस पडला होता. आई म्हणाली, गुडघा आखडला, आज नको. बरं, म्हातारं माणूस. मग म्हणाली, मधूला फोन लाव, काळजी करेल. लॉजवरून ट्रंक कॉल बुक केला, तासाभराने लागला, आमच्या खालच्या राधाबाईंकडे. त्यांनी दादाला बोलावलं. आणि आई काय सांगते?

"मधू, अरे गाडी बंद पडली. हो, हुबळीत. काय माहीत बाबा, काहीतरी पंप का काय. उद्याचाही दिवस जाईल म्हणतोय तो."

तो कोण? कुठला पंप? गाडी बाहेर उभी, इंजिन अजून गरम, एका सेल्फमध्ये सुरू होणारी! मी फोन हिसकावणार होते, तर कट झाला. मी विचारलं, "का खोटं बोललीस?" म्हणाली, "गुडघ्याचं सांगितलं तर उगाच घाबरतो."

म्हणजे स्वतःचा गुडघा वाचवायला माझी गाडी बदनाम! आता दादा अख्ख्या सोसायटीत सांगत फिरणार, खटारा दुसऱ्याच दिवशी मेला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला सांगायचं?

सोमवार, १३ जानेवारी, बेळगाव

आज भोगी. आईची मामेबहीण शांताबाई इथे राहते, तिच्याकडे उतरलो. हे आधी ठरलेलं नव्हतं. पण आई म्हणाली, भोगीला बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी खाल्ल्याशिवाय पुढे जायचं नाही, अपशकुन होतो. ठीक आहे. भाकरी छान होती. मी चार खाल्ल्या आणि चारही रागाने खाल्ल्या.

पुन्हा फोन. मधू, गाडी बंद पडली. या वेळी रेडिएटर. आईला रेडिएटर हा शब्द माझ्याकडूनच कळलाय, माझ्याच गाडीवर उलटवतेय. मी बाजूला उभी राहून दातओठ खाल्ले. फोनमधून दादाचा आवाज मलाही ऐकू आला, "शुक्रवार! आई, शुक्रवार लक्षात आहे ना?" आई म्हणाली, "आहे रे बाळा, चांगला लक्षात आहे."

मंगळवार, १४ जानेवारी, बेळगाव

संक्रांत. सणाच्या दिवशी पाहुणी पाठवत नाहीत म्हणून शांतामावशीने सोडलं नाही.

संध्याकाळी तिच्याकडे हळदीकुंकू. बायका आल्या, काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, वाण लुटलं. आई खोलीच्या कोपऱ्यात, कारण ती विधवा. मी तिच्या शेजारी, कारण मला कुठे बसवायचं ते कुणाला कळेना. एकजण कुंकवाची कुयरी घेऊन माझ्यापर्यंत आली, माझ्या गळ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुमचे हे?"

मी काही म्हणायच्या आत आई खड्या आवाजात म्हणाली, "तिची स्वतःची गाडी आहे."

मग कुणीतरी फिस्सकन हसलं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. नवऱ्याबद्दल विचारलं तर गाडी सांगते! नंतर मी तिला झापलं. "माझी शोभा करायची काय गरज होती?" ती तिळगूळ चघळत म्हणाली, "विचारलं म्हणून सांगितलं. चांगली गाडी आहे."

हो, आणि फोनवर काय सांगतेस?

बुधवार, १५ जानेवारी, बेळगाव

पहाटे उठले, पाणी भरलं, दाराची दोरी बांधली, गाडी सुरू केली. आई ओटीवर बसलेली. "आज निघायचं नाही. आज करीचा दिवस. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी प्रवास करत नाहीत."

आई! करीच्या दिवशी बाबांना घेऊन तू हॉस्पिटलात गेली होतीस. करीच्याच दिवशी आपण गिरगावातून सामान हलवलं, ट्रकवर बसून तू आलीस. कधी पाळलीस तू कर? मी हे सगळं तिला ओरडून सांगितलं, भर रस्त्यात, शेजारपाजारच्या बायका खिडक्यांत. ती म्हणाली, "तेव्हा पाळली नाही म्हणून तर तसं झालं."

मेलेल्या बापाला मध्ये घातल्यावर बोलता येतं का काही? मी गाडी बंद केली आणि दिवसभर त्या तारांच्या चाकांना पॉलिश करत बसले. शांतामावशी म्हणाली, "तुझ्या आईला, जानकीला, लहानपणी पण कर-बिर काही माहीत नव्हतं गं."

आईला दादाने काय पढवून पाठवलंय ते मला आता कळायला लागलंय. गाडी रस्त्यात जितकी कुजेल तितकं त्याला सांगता येईल, बघ, मी म्हणत होतो. तिला मी दमावं असं वाटतंय. मी दमणार नाही.

गुरुवार, १६ जानेवारी, कोल्हापूर

निपाणीपासून गाडी अशी पळाली की ज्याचं नाव ते. काटा पंचावन्नवर, नंदू माफ करो. आईने दार सोडलं होतं. डोक्याला माझा माफलर गुंडाळून ती समोर बघत होती, आणि उसाचा ट्रॅक्टर ओलांडला की म्हणायची, "हा गेला."

दुपारपर्यंत कोल्हापूर. मी हिशेब केला, आज कराड, उद्या रात्री घर. पण अंबाबाईचं दर्शन. रांग. मग पुन्हा रांग, ओटी भरायला. मग चपला सापडेनात. मग ऊन लागलं. मग लॉज.

आणि मग, अर्थात, फोन. "मधू, कोल्हापुरात अडकलो रे."

मी तिथून निघूनच गेले. रंकाळ्यावर बसून राहिले. मनात आलं, हिला इथेच एसटीत बसवून द्यावं. असं मनात आलं, आणि लिहून ठेवतेय, म्हणजे नंतर मला मी फार चांगली मुलगी होते असं वाटायला नको.

शुक्रवार, १७ जानेवारी, कोल्हापूर

किल्ली गेली!

रात्री उशाशी ठेवली होती. सकाळी नाही. गादी उलटी केली, पिशव्या झटकल्या, मोरीत बघितलं. लॉजच्या मॅनेजरवर चोरीचा आळ घेतला. तोही कोल्हापूरचाच, त्याने मला मापात चार शब्द सुनावले. किल्लीवाल्याला आणलं तर म्हणाला, असलं विलायती कुलूप बापजन्मी बघितलं नाही. आई कॉटवर बसून जप करत होती. मी म्हटलं, "आई, तू तरी बघितलीस का?" म्हणाली, "तुझी वस्तू, तू सांभाळायची."

दिवस गेला. दिवे लागले तेव्हा आईने जपाची पिशवी उलटी केली आणि किल्ली गादीवर पडली. "अगं बाई! इथेच होती की."

मी तिच्याकडे बघतच राहिले. माळेबरोबर किल्ली! हे विसरणं नाही, हे काहीतरी पुढचं आहे. काल चपला, आज किल्ली, गाडी चालू असून बंद म्हणणं, करीचं भलतंच. मुंबईला गेल्यावर डॉक्टरला दाखवायला हवं. भीती वाटली, आणि भीतीचाही राग आला. माझ्या आयुष्यात एक गोष्ट माझ्या मनासारखी व्हायला लागली की लगेच हे असं.

आई मात्र रात्री दोन वाट्या आमटी प्यायली आणि म्हणाली, आज फोन नको, उद्या लवकर निघू.

शनिवार, १८ जानेवारी, पुणे

परवापर्यंत बाहेरचं पाणीसुद्धा न पिणारी बाई आज खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी टपरीवर दोन प्लेट भजी खाऊन उठली. "तिखट आहेत, पण छान आहेत."

गुडघा दुखत नाही. कुठलं देऊळ बघायचं नाही. हुड उघड म्हणाली, वारा लागू दे. कात्रजच्या चढावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कुरकुरली तर आईने बोनेटकडे बघून म्हटलं, "चल गं बाई." मी हसले. मग आठवलं की आपण रागावलोय.

मला काही कळत नाही. डॉक्टरला दाखवायचंच.

रविवार, १९ जानेवारी, मुलुंड

सगळं क्रमाने लिहून काढते, म्हणजे मलाच कळेल.

खंडाळ्याचा घाट उतरलो, पनवेल, मुंब्रा, ठाणं. जकात नाक्यावरचा कारकून गाडीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "बाई, ही तुम्ही चालवत आणली?" आई म्हणाली, "मग काय मी?" दुपारी सोसायटीत शिरलो तर पोरं मागे धावत आली, राधाबाई खाली आल्या, वहिनी भाकरतुकडा घेऊन आली, ओवाळून टाकला. मला रडू येणार होतं. वर बघितलं तर दादा गॅलरीत, हाताची घडी.

घरात पाऊल टाकलं आणि त्याने सुरू केलं.

"आता काय उपयोग? सहदेवशेठ शुक्रवारी संध्याकाळपर्यंत थांबला. ट्रक घेऊन आला होता. शेवटी दहिसरहून दुसरी गाडी उचलली त्याने. मला नाक घासत परत करावा लागला त्याचा इसार."

मी म्हटलं, "कसला ट्रक? कसला इसार?"

मग बाहेर आलं सगळं. माझी गाडी याने विकली होती. मी चालवत आणायची, गेटपाशी थांबवायची आणि शेठने ट्रकवर चढवायची. मला काही न विचारता. मला विचारलं का नाही? तर म्हणतो, "तुझ्याच भल्यासाठी, कुंदे. फंडाचे पैसे परत आले असते. तू काय केलं असतंस? चार दिवस आरडाओरडा केला असतास आणि मग गप्प बसली असतीस. नेहमीसारखी."

मी बोलले ते इथे लिहीत नाही. वहिनीने दार लावून घेतलं, एवढं पुरे. पण दादा मागे हटतोय थोडाच. म्हणाला, "आणि कसली गाडी? हुबळीत बंद, बेळगावात बंद, कोल्हापुरात दोन दिवस बंद. शेठला काय तोंड दाखवलं मी माझं मला माहीत. भंगार आहे ते भंगार!"

भंगार? माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"एकदाही बंद पडली नाही!" मी किंचाळले. "एकदाही नाही! विचार आईला! आई खोटं सांगत होती तुला फोनवर. गाडी चालू होती, सगळीकडे चालू होती. हिनेच भोगी काढली, कर काढली, रांगा लावल्या, किल्ली जपाच्या पिशवीत लपवली..."

लपवली. हा शब्द तोंडातून गेला आणि मी थांबले.

मी आईकडे बघितलं. ती माझा माफलर घडी करत होती, कडेला कड नीट जुळवून. दादाही तिच्याकडे बघत होता. त्याला माझ्या आधी कळलं.

"आई?" तो म्हणाला.

"हो," आई म्हणाली. "नव्हती पडली बंद."

"तुला माहीत होतं शुक्रवारचं."

"तुम्ही गेटपाशी बोलत होता ना. माझे कान अजून चांगले आहेत."

दादा काही ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. हळू म्हणाला, "माझ्या घरात राहून, आई," आणि आत निघून गेला.

जिने माझी गाडी वाचवली तिला मी माझ्याच तोंडाने पकडून दिलं. कशासाठी? गाडीला भंगार म्हटलं म्हणून! जन्मभर बायकांना सांगत आले, आधी आरशात बघा, मग वळा. मी कधी बघितलं? चोवीस तास जिच्या शेजारी बसले तिला पहारेकरी म्हटलं, वेडी ठरवली, एसटीत बसवायला निघाले. आणि शेवटी चुगली केली.

स्वयंपाकघरात तिला गाठलं. "आधीच का नाही सांगितलंस मला?"

आई तांदूळ निवडत होती. "सांगितलं असतं तर तू इथेच तमाशा केला असतास. मग त्याने तुला जाऊच दिलं नसतं. आणि मग तू दमली असतीस."

"मी नसते दमले!"

"कुंदे, तू ओरडतेस खूप. पण टिकत नाहीस."

सोमवार, २० जानेवारी

सकाळी आईने पोळ्या केल्या. दादाने डबा घेतला नाही. ताटलीतली पोळीही घेतली नाही, वहिनीला म्हणाला, "तू कर दोन, मी थांबतो." वहिनी आईकडे बघेना, दादाकडे बघेना, तवा घेऊन उभी. शेवटी दादा उपाशीच बँकेत गेला. आईच्या हातचं नाकारलं त्याने. आईने उरलेल्या पोळ्या डब्यात भरून ठेवल्या.

मला ते बघवेना. स्कूलला गेले, दोन बायकांना शिकवलं, तिसरीवर उगाच खेकसले. दुपारी घरी येऊन आईला सांगितलं, "आई, मी सहदेवशेठला निरोप देते. घेऊन जाऊ दे गाडी. तुझ्या म्हातारपणी तुला असं नको. गाडीपायी घरात वैर नको."

मला वाटलं ती माझ्या डोक्यावरून हात फिरवेल.

आईने हातातलं भांडं ओट्यावर आदळलं. "विकायची? मी देवाला मध्ये घातलं, तुझ्या मेलेल्या बापाला मध्ये घातलं, लेकाशी तोंड वर करून खोटं बोलले, जपाच्या पिशवीत किल्ली घालून दिवसभर माळ ओढली, ते तू विकावीस म्हणून? थोबाड फोडीन, कुंदे!"

मी अडतीस वर्षांची बाई आहे. मागे सरकले.

"पण दादा..."

"दादाचं मी बघते. तो माझा मुलगा आहे, मी त्याच्या घरात भाड्याने नाही राहत. आणि तू एवढं ओरडतेस ना? मग एकदा तरी शेवटपर्यंत ओरड."

आयुष्यात पहिल्यांदा मी आईला चिडलेली बघितली. कशी दिसते ते कळलं. माझ्यासारखी दिसते.

संध्याकाळी दादा आला. बूट न काढताच म्हणाला, "शेठशी बोललोय. पुढच्या महिन्यात दुसरं शूटिंग आहे त्याचं. या वेळी कुणी मध्ये पडायचं नाही."

मी उठले. ओरडले नाही. म्हटलं, "दादा, गाडी माझी आहे. त्याला सांग येऊ नको." बस, एवढंच. आणि उभी राहिले.

आई म्हणाली, "आणि आलाच तर ये म्हणावं. मी खाली गाडीत बसलेली असेन. माझ्यासकट चढवू दे ट्रकवर."

दादा आपल्या वेताच्या खुर्चीत बसायला निघाला होता, तो मध्येच थांबला. आईने आत जाऊन चहा आणला, त्याच्यापुढे धरला. त्याने बघितलंही नाही. "अनुपमा," त्याने आत हाक मारली, "मला चहा टाक."

वहिनी दारात आली. आई कप धरून तशीच उभी होती. मग तिने मागे बघितलं आणि दादाच्या वेताच्या खुर्चीत बसली. त्या खुर्चीत या घरात आल्यापासून ती कधी बसली नव्हती. बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि प्यायली. सगळा. आम्ही तिघंही बघत होतो.

"अनुपमा, तू बस गं," ती म्हणाली. "सकाळपासून उभी आहेस. चहा त्याचा तो करेल."

वहिनीने एकदा दादाकडे बघितलं. मग ती पलंगाच्या कडेवर, माझ्या शेजारी येऊन बसली.

दादा बराच वेळ उभा राहिला. मग तो स्वयंपाकघरात गेला. साखरेचा डबा कुठला ते त्याला माहीत नाही, पातेलं कुठलं ते माहीत नाही. आतून गॅस पेटवायच्या लायटरचा आवाज येत राहिला, टक, टक, टक, आणि कुणीही उठलं नाही.